पहिली चीर

योगेंद्रला मी पहिल्यांदा झापलं ते भोपळ्यावरून.

खोपोलीचा बाजार, मंगळवारची संध्याकाळ. परतीचा पाऊस पंधरा मिनिटं बदाबदा पडून गेला होता आणि सुंदराच्या भाजीच्या ताडपत्रीवरून अजून थेंब टपकत होते. मी कंपनीतून सुटून थेट आलेले, पाय दुखत होते. मला हवी होती लाल भोपळ्याची एक फोड. तर माझ्या पुढ्यात एक लांबलचक माणूस उकिडवा बसून भोपळ्यांना टिचक्या मारत होता. एक बघायचा, फिरवायचा, डोळे बारीक करायचा, बाजूला ठेवायचा. असे दहा-बारा झाले तरी उठायचं नाव नाही.

"ह्याला चेहरा चांगला येईल ना?" त्याने सुंदराला विचारलं.

"चेहरा?" सुंदरा म्हणाली, "भाजी येते, दादा. चेहरा कशाला येल?"

मला राहवेना. "ओ, मुलगी बघायला आलात का? पसंती झाली असेल तर सरका. मला फोड घ्यायचीय."

त्याने मान वर केली. चष्म्यावर पावसाचे थेंब. त्यातून मी त्याला किती दिसले असेन देव जाणे, पण तो बघत राहिला... आणि मग हसला. मला ते हसणं आवडलं, आणि आवडलं म्हणून रागही आला.

"फोड कशाला? अख्खा घ्या ना. मला बारा हवे होते, चुकून तेरा काढले."

"अख्खा आमच्या घरात येत नाही."

"का?"

"येत नाही म्हणजे येत नाही. जनगणनेला आलात का?"

"नाही, हॅलोविनला," तो म्हणाला. "कोरायचे, आतला गर काढायचा आणि दिवा लावायचा."

"खायची वस्तू पोकळ करून दिवा लावणार? घरातले बल्ब गेलेत?"

मी फोड घेतली, पिशवीत टाकली आणि चालायला लागले. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. तो तेरावा भोपळा हातात धरून तसाच उभा होता.

•

बुधवारी सकाळी कळलं की तो आमच्याच कंपनीचा नवा एचआर आहे. योगेंद्र. मी दिवाळीच्या रजेवर होते तेव्हा रुजू झाला. मूळचा लोधिवलीचा, पण शाळा हॉस्टेलात राहून आणि नोकरी पुण्यात केलेला. आमची कंपनी पत्र्याचे डबे बनवते. एका अंगाला प्रेस मशिनं पत्रा दाबून कापतात, दुसऱ्या अंगाला आम्ही बायका पॅकिंग करतो. मी पॅकिंगची सुपरवायझर. माझ्या हाताखाली बावीस बायका, आणि त्या सगळ्या मला मागे 'मिरची' म्हणतात. मला माहीत आहे.

मुख्य ऑफिसमधून फर्मान आलं होतं: शुक्रवारी, एकतीस तारखेला, हॅलोविन, म्हणे परदेशातला भुतांचा सण. महिला कर्मचाऱ्यांसाठी भोपळा कोरण्याची स्पर्धा. फोटो पाठवणे. सोबत एक खोकं सजावट. मुंबईत काचेच्या इमारतीत बसून कुणीतरी हे ठरवलं, आणि आमच्याकडे ते खोकं उघडलं कुणी, सजावट टांगली कुणी, कुणालाच सांगता येत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनला गेले, तर दाराच्या चौकटीवरून एक हात लोंबत होता. रबराचा. मनगटातून तुटलेला, लाल रंगाने बरबटलेला.

आणि त्या हाताखाली माझा दादा उभा होता.

दादा म्हणजे विकास. तीन वर्षांपूर्वी तो ह्याच कंपनीत प्रेस चालवायचा. एका दुपारी मशिनीने त्याची उजव्या हाताची तीन बोटं घेतली. अंगठा आणि करंगळी राहिली. त्यानंतर कंपनीने मशिनीसमोर 'सावधान' अशी मोठी पाटी लावली. बोटं गेल्यावर! दादाला गेटवर खुर्ची दिली, वही दिली. तो येतो, डाव्या हाताने वही सरकवतो, लोकांच्या सह्या घेतो. उजवा हात खिशात. आईने त्याच्या प्रत्येक पँटीचा उजवा खिसा खोल शिवून दिलाय. तीन वर्षांत तो चारचौघांत जेवला नाही.

त्या दिवशी तो कँटीनमध्ये फक्त पाहुण्यांच्या जेवणाची चिठ्ठी द्यायला आला होता. वर बघितलं. मला बघितलं. चिठ्ठी काउंटरवर ठेवून निघून गेला.

मी खुर्ची ओढली, वर चढले, तो हात उपटला आणि थेट एचआरच्या टेबलावर आपटला.

"हे तुमचं?"

योगेंद्र दचकला. मग मला ओळखून हसायला लागला. "अरे, तुम्ही! भोपळ्याची फोड..."

"बोटं मोजा."

"काय?"

"मोजा. शाळेत गेला होतात ना?"

त्याचं हसू विरलं. "...पाच."

"गेटवर रोज तुमची सही घेतो ना, त्याला दोन आहेत. तीन ह्याच छपराखाली गेली. तो माझा दादा आहे. आता लावा ह्याला दिवे."

मला वाटलं, आता हा म्हणेल, मला कल्पना नव्हती, सॉरी, खोकं मुंबईहून आलं. सगळे तेच म्हणतात. त्याने चष्मा काढला. रबराचा हात उचलून खणात टाकला, खण बंद केला.

"आठ दिवस बघतोय मी त्यांना," तो हळू म्हणाला. "एक हात कायम खिशात. मला वाटायचं... माणूस ऐटीत आहे."

माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या. 

"मी काय करू?" त्याने विचारलं.

खरं सांगते, तीन वर्षांत ह्या कंपनीत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. काय करायचं ते सगळे सांगायचे. सही कर, खुर्चीत बस, देवाचे आभार मान.

"मला नका विचारू," मी म्हटलं. "ज्याचा हात आहे त्याला विचारा."

संध्याकाळी घरी दादा डाव्या हाताने भात कालवता कालवता म्हणाला, "शुक्रवारी रजा टाकतो मी. आन् एक तारखेपासून येत पण नाय."

आईचा घास हातातच राहिला. त्याला घराबाहेर काढून त्या खुर्चीत बसवायला आम्हाला दीड वर्ष लागलं होतं. ते एका रबराच्या तुकड्याने अर्ध्या मिनिटात मातीत घातलं.

"दादा, मी काढला तो हात."

"तू काढलास गं," तो म्हणाला. "पण लावताना कुणालाच काय वाटलं नाय ना."



•

गुरुवारी दुपारी मी खिडकीतून गेटकडे बघितलं आणि बघतच राहिले. केबिनमध्ये दोन खुर्च्या. एकीवर दादा, दुसरीवर योगेंद्र, मांडीवर डबा. दादाची पाठ माझ्याकडे होती. तो जेवत होता की नाही ते दिसत नव्हतं, पण खांदे हलत होते. रडतोय?... नाही. हसत होता!

मग योगेंद्र पॅकिंगमध्ये आला. हातात साधी दोनशे पानी वही. एकेका बाईपाशी थांबून विचारत होता, "उद्याच्या कार्यक्रमात कशाचा त्रास होईल ते सांगा. नाही यायचं तरी चालेल, हजेरी कमी होणार नाही." बायका आधी लाजल्या, मग सुटल्या. मुखवटे नकोत, मशिनीजवळ कपडा अडकेल. अंधार नको. कवट्या नकोत, नुकतंच माणूस गेलंय घरातलं. तो सगळं लिहीत होता, शाळेतल्या पोरासारखं खाली मान घालून.

माझ्यापाशी आला. "तुम्हाला कशाचा त्रास होईल?"

"तुमचा."

त्याने लिहिलं. खरंच लिहिलं! "थोडा की जास्त?"

"वाढतोय."

"वाढतोय..." वहीत बघत तो पुटपुटला. "उपाय?"

"सापडला की सांगेन."

बाजूला अंबूबाई डब्यांना झाकणं लावत होती. वयाने सगळ्यांत मोठी, जिभेने माझ्याहून तिखट, मला तोंडावर मिरची म्हणणारी एकटीच. तो गेल्यावर म्हणाली, "मिरचे, गाल लाल झालं गं तुजं. ऊन लागलं का पत्र्याचं?"

"तुमी काम करा, अंबूबाई."

"करतंय की. डोळं काय कामाला लावलेत का मी?"

जाताना मी योगेंद्रला गाठलंच. "दादाला काय म्हणालात?"

"म्हणालो, माफी आणलीय आणि डबाही आणलाय. चालेल ते घ्या."

"मग?"

"त्यांनी डबा घेतला," तो म्हणाला. "माफीचं बघू म्हणाले."

•

शुक्रवारी सकाळी दादा माझ्या आधी घरातून निघाला. कुठे, ते सांगितलं नाही. कंपनीच्या वळणावर रिक्षातून उतरले तेव्हा गेटकडे बघायची मला छाती होईना. बघितलं. खुर्चीवर होता. सही करताना दिसलं, रजेचा अर्ज समोर वहीत, तारीख न घातलेला.

दुपारी तीनला प्रेस बंद झाल्या. रोज त्या ठणठणाटात आम्ही ओरडूनच बोलतो. अचानक इतकं शांत झालं की डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याचा आवाज ऐकू आला, आणि पलीकडच्या शेतात भात झोडत होते, तो धप... धप... पण.

कँटीनमध्ये ना कवटी, ना रक्त, ना कोळ्याची जाळी. नुसती लांब टेबलं, त्यावर बारा भोपळे, प्रत्येकाशेजारी एक सुरी आणि पाठीमागे आमच्या बायका. कामगार भिंतीकडेने उभे. योगेंद्रने मोबाइल फोटोसाठी धरला. "करा सुरुवात!"

कुणी हललं नाही.

एक मिनिट गेलं. दोन गेली. बायका भोपळ्याकडे बघत होत्या, मग एकमेकींकडे, मग छताकडे. मला हसू येत होतं आणि त्याची कीवही येत होती.

"काय झालं?" योगेंद्र गडबडला. "सुऱ्या बोथट आहेत का?"

अंबूबाईने पदर खोचला. "सायेब, बाई अख्खा भोपळा चिरत नाय."

"म्हणजे?"

"थोरल्या पोरासारखा असतो तो. पयली चीर पुरुषानं द्यायची. मग आमी करतो त्याचं काय करायचं ते. तुमच्या घरात कोन कापतं?"

तो विचारात पडला. "आई बाबांना हाक मारते. बाबा येतात, एक सुरी मारतात, जाऊन पेपर वाचतात." आणि मग गोरामोरा होऊन म्हणाला, "मला आजवर वाटायचं, आईला जोर लागत नाही."

बायका अशा हसल्या की भांडी वाजली. मी नाही हसले. आमच्या घरात पहिली चीर दादाची होती. बाबा गेल्यापासून. आई परडीत भोपळा घेऊन हाक मारायची, "विकास, चल रं!" आणि तो एका हाताने खाडकन दोन भाग करायचा. बोटं गेली त्या दिवसापासून आईने अख्खा भोपळा घरात आणला नाही. शेजारच्या पुरुषाला बोलवायचं म्हणजे दादाला तोंडावर सांगणं की तू आता नाहीस. म्हणून फोड, तीन वर्षं नुसती फोड.

"मग सायेब, तुमीच मारा की," कुणीतरी ओरडलं.

योगेंद्रने सुरी उचलली.  त्याने सुरीकडे बघितलं, भोपळ्याकडे बघितलं, आणि ती परत खाली ठेवली.

"घरातल्या माणसानं द्यायची असते ना? मी इथे दहा दिवसांचा पाहुणा. घाई नाही. नाही कापले तरी चालतील, फोटो गेले उडत."

तो दाराकडे बघत नव्हता. कुणाकडेच बघत नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक म्हणाले की सगळं आधी ठरलेलं होतं. काहीही ठरलेलं नव्हतं.

दारातून दादा आत आला.

चौकटीखाली, जिथे तो रबराचा हात लोंबत होता बरोबर तिथे, क्षणभर थांबला. मग सरळ चालत पहिल्या टेबलापाशी आला.

"अंबूबाय, सरक गं जरा."

त्याने डाव्या हातात सुरी घेतली. आणि उजवा हात खिशातून काढला.

तीन वर्षांनी तो हात उजेडात आला होता. मी त्याची सख्खी बहीण, मीसुद्धा तो असा नीट बघितला नव्हता. अंगठा, करंगळी, आणि मधे गुळगुळीत, चकाकणारी कातडी. त्याने तो पंजा भोपळ्यावर ठेवला, पसरला, दाबला.  पलीकडच्या शेतातली धपधप थांबली असं मला वाटलं. खरंच थांबली असेल.

खाड!

भोपळा उघडला. आतला केशरी रंग असा भसकन बाहेर आला की डोळे दिपले. दादा पुढच्या टेबलाकडे वळला. खाड. पुढच्या. खाड. प्रत्येक वेळी ती दोन बोटं भोपळ्यावर पसरायची, कुणापासून लपवून नाही, कुणाला दाखवून नाही. शेतकऱ्याचा हात भाताच्या पेंढीवर पडतो, तशी. पाचव्याला कपाळावर घाम आला. आठव्याला सुरी अडकली, तर भिंतीकडचा एक कामगार पुढे झाला. दादाने नुसती मान हलवली. तो मागे सरला. बारावा झाला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं. नैवेद्य दाखवताना कुणी टाळ्या वाजवतं का?

मी आयुष्यात मोठी माणसं बघितली नाहीत. भाषणं ठोकणारी बघितली. त्या दिवशी मला कळलं, माणूस मोठा होतो म्हणजे नक्की काय होतं. तो आपला हात खिशातून काढतो.

अंबूबाईने त्याचा पंजा स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. "दुखतं का रं?"

"थंडीत दुखतं," दादा म्हणाला.

"मग मोहरीचं तेल देते. आधी सांगायचं नाय?"

आधी कुणी विचारलं होतं?

मग काय... बायका सुटल्या! गर पातेल्यात, बिया सुपात. कोरलेल्या अर्ध्या वाट्यांना डोळे फुटले, दात फुटले. अंबूबाईच्या भोपळ्याचं तोंड हुबेहूब आमच्या मॅनेजरसारखं झालं. अंधार नको म्हणाल्या होत्या म्हणून पडदे अर्धेच ओढले, दिवाळीच्या उरलेल्या पणत्या आत ठेवल्या, आणि चोवीस केशरी चेहरे एकदम उजळले.  भुतं म्हणे ही! ही तर आमचीच माणसं वाटत होती. गेलेली, राहिलेली, अर्धी उरलेली... आणि सगळी आतून पेटलेली.

स्वयंपाकघरातून गुळाचा वास यायला लागला. गराचे घारगे तळत होते.

"काही फेकलं नाही," माझ्या कानापाशी आवाज आला. योगेंद्र. "तुम्ही बाजारात ओरडला होतात."

"लक्षात ठेवलंत?"

"ओरडणं विसरता येतं, पण तुमचं..." तो थांबला. टेबलाखालून त्याने काहीतरी काढलं. तेरावा भोपळा. "हा तुमचा. त्या दिवसापासून सांभाळलाय. दादांना बोलवू?"

मी दादाकडे बघितलं. तो बायकांच्या घोळक्यात बसून घारगा खात होता. उजव्या हाताने. चारचौघांत.

"नको," मी म्हटलं. "सुरी द्या."

"तुम्ही कापणार? पण ते... थोरल्या मुलासारखा..."

"मी नाही मानत. आईला वाईट वाटू नये म्हणून गप्प होते. तुम्ही कापायचा नाही, कळलं? फक्त धरा."

"धरतो," तो म्हणाला. दोन्ही हातांनी, घट्ट.

मी सुरी टेकवली. त्याची बोटं माझ्या बोटांपासून दोन इंचांवर होती.

"बोटं सांभाळा," मी पुटपुटले. "आमच्या घरात एवढीच शिल्लक आहेत."

"कुणाची? तुमची की माझी?"

मी सुरीवर जोर लावला. खाड. मागे अंबूबाई किंचाळली, "अगं बया! चिरला की गं पोरीनं!" आणि दादा खो-खो हसला. मी मात्र वर बघत होते. त्याच्या चष्म्यावर भोपळ्याचा रस उडाला होता. बाजारातल्या त्या पावसासारखाच.

"हर्षला," त्याने पहिल्यांदा नुसत्या नावाने हाक मारली. "त्या वहीत एक नोंद राहिलीय. त्रास वाढतोय, असं लिहिलंय. उपाय कोरा आहे."

"अजून वाढतोय."

"मलाही," तो म्हणाला. "मंगळवारपासून."

"मग रविवारी घरी या," मी म्हटलं, आणि माझा मलाच आवाज ओळखू येईना, इतका तो मऊ निघाला. "आईला सांगते. पण नीट ऐका, मी काही गोड होणार नाही. ओरडेन."

"ओरडाच," तो म्हणाला. "मी धरून असेन."

•

सहाला सुटलो. गेटपाशी योगेंद्र माझ्या पुढे होता. दादाने वही सरकवली. उजव्या हाताने. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत पेन धरून त्याच्यापुढे केलं. रजेचा अर्ज वहीत नव्हता. खुर्चीखालच्या केराच्या डब्यात चार तुकडे दिसत होते.

"सही करा, सायेब," दादा म्हणाला. "रविवारी येताय म्हणं आमच्याकडं?"

योगेंद्रच्या हातातलं पेन निसटलं. "हो... म्हणजे... तुमची हरकत नसेल तर..."

दादाने त्याला वरून खालपर्यंत बघितलं. मग मला. मी डोंगराकडे बघायला लागले, जसं काही तिथे पहिल्यांदाच डोंगर उगवलाय.

"माफीचं बघू म्हणालो होतो ना," दादा म्हणाला. "बघितलं. आता येताना बाजारातून भोपळा आणा."

"फोड?" योगेंद्रने विचारलं.

"फोड कशाला?" दादा म्हणाला. "अख्खा आणा."